दाभण आणि आढं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. जुनं घर विकत घेऊन पाहावं, असं मात्र कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. बांधताना निदान माती कुठली, लाकूड कुठलं, गवंडी किती कामचुकार, एवढं तरी कळतं. जुन्या घरात सगळं आधीच लिंपून झालेलं असतं. लिंपणाखाली काय आहे ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक, आणि विकणारा गोडच बोलणार. म्हणून लोणावळ्याच्या बाहेर, वळवणच्या पुढे तळ्याकाठी एक घर स्वस्तात मिळतंय, असं सांगत आमचे हे एका संध्याकाळी आले, तेव्हा आनंद करायचा सोडून मी पहिल्यांदा विचारलं, "स्वस्त का?"

"जुनं आहे म्हणून."

"जुनं तर देऊळही असतं. ते कुणी स्वस्तात विकतं का?"

हे हसले. यांना हसायला काही लागत नसे. भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळी माणसं यांना चांगलीच वाटत, त्यामुळे घरातला सगळा संशय माझ्या एकटीच्या वाट्याला आला होता. तो मी आयुष्यभर नेटाने सांभाळला.

हे लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते. घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी वाफेची इंजिनं तिथे असत आणि ती सदा आजारी असत. त्यांच्या आजारपणावर आमचं पोट चाललं होतं. मग घाटात विजेची इंजिनं आली. ती ना धुरकटत, ना खोकत. शेडमधलं काम आटलं, यांना कल्याणला जायचा हुकूम झाला आणि पाठोपाठ क्वार्टर खाली करायचा निरोप आला.

लग्न झाल्यापासून मी क्वार्टरांतच राहत आले होते. दौंड, भुसावळ, मग लोणावळा. प्रत्येक ठिकाणी परसात अळू लावलं आणि ते पानावर येईपर्यंत बदली झाली. माझ्या हातचं अळू कायम दुसरीनेच खाल्लं. भिंतीत खिळा ठोकला तरी कुणीतरी डोळे वटारायचं, कारण भिंत रेल्वेची. गावी यांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं, माझं माहेर भावजयांचं झालं होतं आणि एकुलती एक लेक नगरकडे दिलेली. यांची नोकरी थोडीच वर्षं राहिली होती. ज्या दारात 'खाली करा' म्हणायला कुणी येणार नाही असं एक दार मला हवं होतं, दुसरं काही नको होतं. हाताशी होतं ते यांच्या फंडातलं आणि माझ्या पाटल्या. तेवढ्यात एकदाच घर घेता येणार होतं. फसलो असतो तर पुन्हा फसायलाही काही उरलं नसतं.

घर पाहायला आम्ही टांग्याने गेलो. टांगेवाला तिकडच्याच वस्तीतला मुसलमान, यांच्या ओळखीचा. मुंबईच्या शेटलोकांना बंगले आणि जागा दाखवत फिरण्यात त्याची हयात गेली होती. घर कसं आहे, असं मी त्याला विचारलं.

"घर झ्याक हाय, वैनी. पन..."

"पण काय?"

"काय न्हाई. म्हातारा जरा इचित्र हाय." त्याने घोड्याला उगाच चुचकारलं. "लय गिऱ्हाइकं नेली म्या. येक शेट तर दुप्पट देत व्हता. म्हातारा न्हाईच म्हनला."

दुप्पट देणाऱ्याला नाही म्हणणारा आणि आम्हाला अर्ध्यात देणारा माणूस! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी यांच्या कानाशी म्हटलं, "ऐकलंत?" हे म्हणाले, "ऐकलं. म्हणजे माणूस लोभी नाही." लोभी नसलेला माणूस मला लोभ्यापेक्षा धोक्याचा वाटतो. लोभ्याला काय हवंय ते तरी कळतं.

तळं तसं जुनं नव्हतं. वीज करण्यासाठी धरण बांधलं तेव्हा ते झालं. पाण्याखाली शेतं गेली, घरं गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. पाण्याचा एक चिंचोळा फाटा या घरासमोर आत शिरला होता. पलीकडच्या काठावर एकदोन गोठे दिसत. घर जरा उंचावर होतं. दगडमातीच्या भिंती, नळीची कौलं, पुढे पडवी, मागे चुलीची खोली, वर माळा. दिसायला काही वाईट नव्हतं. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

म्हातारा पडवीत बसला होता. शेतकरी माणूस, शेत पाण्यात गेलेलं, बायको वारलेली. एक लेक होती, ती कान्हे गावात दिलेली. घर विकून तिच्याकडे जाऊन राहणार, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही, ते मी मनात टिपून ठेवलं. आम्ही त्याला आबा म्हणू लागलो. घर दाखवायचं सोडून तोच आम्हाला प्रश्न विचारायला लागला.

"पावसाळ्यात हितंच ऱ्हानार का?"

"घर घेतलं तर राहणारच की," मी म्हटलं.

"समदा पावसाळा? का कुलूप घालून जानार?"

"हे कामावर कल्याणला असतील. मी राहीन."

"सैपाक चुलीवर का दुसरं कायतरी?"

मी यांना कोपर मारलं. पावसाळ्याचं एवढं विचारतोय, म्हणजे पावसाळ्यात या घरात राहताच येत नसणार. छप्पर गळत असेल, नाहीतर तळं चढून पडवीत येत असेल. आणि चुलीची चौकशी याला कशाला? चुलीखाली काही पुरलं असेल. पुरलेलं चांगलंच असतं असंही नाही. हे मात्र त्याच्या शेजारी उभे राहून पाण्याकडे बघत होते आणि "वा वा, काय जागा आहे!" असं म्हणत होते. विकणाऱ्यासमोर जागेला वा वा म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केला.

गोणपाट शिवायचं दाभण मी पिशवीत घालून नेलं होतं. यांचं वा वा चाललेलं असताना मी शिडीने माळ्यावर चढले. वर वर्षानुवर्षांचा धूर बसून लाकडं डांबर फासल्यासारखी काळी झाली होती. काळ्या रंगाखाली काहीही लपतं. छपराच्या मधोमध जे मोठं लाकूड असतं, ज्यावर सगळे वासे टेकतात, ते आढं. ते आतून पोकळ असलं तर घर गेलंच म्हणायचं. मी आढ्यात दाभण टोचलं. शिरेना. दुसरीकडे टोचलं, तिसरीकडे टोचलं, टोकाला टोचलं. माझ्या तळहाताला फोड यायची वेळ आली, पण लाकूड दाद देईना.

मला आनंद व्हायला हवा होता. पण तेवढ्यात वाशांवरच्या खुणा दिसल्या. प्रत्येक वाशाच्या टोकाला कोयत्याने खाचा पाडलेल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे फुली. मी खाली वाकून पाहिलं, तर म्हातारा शिडीच्या पायथ्याशी उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"या खुणा कसल्या, आबा?"

"जुन्या हायत," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या हातातल्या दाभणाकडे पाहून बाहेर निघून गेला.

परतीच्या वाटेवर मी यांना म्हटलं, "लाकूड चोरीचं आहे. यार्डातल्या स्लीपरांवर अशा खुणा असतात. उद्या पोलिस दारात आले म्हणजे?" दुसऱ्या खेपेला हे स्वतः माळ्यावर चढले आणि खाली येऊन म्हणाले, की हे लाकूड रेल्वेचं नाही. त्यांचं म्हणणं मी मानलं. माणसांच्या बाबतीत हे भोळे होते, पण लाकूड आणि लोखंड यांना उगाच चांगलं म्हणत नसत.

तरी मी स्वस्थ बसले नाही. टांगेवाल्याच्या बायकोला गाठून विचारलं, की त्या घरात कुणी अवचित गेलंय का, काही दिसतं-बिसतं का. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "घरात मानसं मरत्यातच की, वैनी. मानूस मेलं न्हाई आसं घर कुटं हाय?"

शेवटी क्वार्टर सोडायचा दिवस जवळ आला. संशयाला राहायला जागा लागत नाही, माणसांना लागते. खरेदीखत वडगावला झालं. म्हाताऱ्याने अंगठा उठवला आणि नंतर कितीतरी वेळ तो अंगठा धोतराला पुसत राहिला. बाहेर आल्यावर मी किल्ली मागितली.

"किल्ली न्हाई."

"म्हणजे?"

"कुलूपच न्हाई. कंदी घातलंच न्हाई."

कुलूप नसलेलं घर! मी तिथल्या तिथे बाजारातून एक दणकट कुलूप घेतलं. ते पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं, असं मी स्वतःशी म्हटलं आणि तेही टिपून ठेवलं.

आम्ही राहायला गेलो. परसात मी अळू लावलं, आणि हे अळू मीच खाणार असं त्याला बजावूनही सांगितलं. हे कल्याणला रुजू झाले. सुटीच्या दिवशी पासावर यायचे, एक रात्र राहून जायचे. म्हातारा आपलं बोचकं घेऊन कान्ह्याला लेकीकडे गेला, असं कळलं. थोडे दिवस बरे गेले.

मग एका दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा ठेवून उठते, तर पाण्यापलीकडे गोठ्यापाशी कुणीतरी उभं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तोंड थेट आमच्या घराकडे. मी डोळे बारीक करून पाहिलं. म्हातारा! दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच जागा. तिसऱ्या दिवशीही तेच. थोडा वेळ उभा राहायचा, मान हलवायचा आणि गोठ्यात शिरायचा.

मी टांगेवाल्याला विचारलं.

"कान्ह्याला गेलता की. पन हप्ताभरात परत आला. पुतन्याच्या गोठ्यात ऱ्हातोय."

"लेकीचं घर सोडून गोठ्यात? कशाला?"

"करमत न्हाई म्हनतो."

करमत नाही म्हणून कुणी गोठ्यात राहत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. चुलीखाली काहीतरी आहे आणि ते काढायला मी घर सोडून जायची हा वाट बघतोय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मी बाहेर पडायचंच सोडलं. बाजारही टांगेवाल्याकडून मागवू लागले. एका दुपारी दार लावून चुलीपुढची जमीन पहारीने ठोकून पाहिली. सगळीकडे भरीव वाजली. नाही सापडलं म्हणून मला हायसं वाटलं नाही, उलट आणखी खोल असणार असं वाटलं.

पाऊस लागला तसे बंगले बंद झाले. माळ्यांनी दारं-खिडक्या लावल्या, शेटलोक मुंबईला उतरले आणि वस्तीत गावचीच माणसं उरली. त्यांची घरं आमच्यापासून लांब होती. धुकं असं की दारातली तुळस दिसायची नाही. मिठाचं पाणी व्हायचं, पापड वाकायचे, काडेपेटीची काडी पेटायच्या आधी गुल उडून जायचा. ओल्या लाकडांच्या धुराने माझे डोळे सुजले, ते पाहून यांनी कल्याणहून रॉकेलचा स्टो आणून दिला. मी चूल बंद केली. ना धूर, ना राख. बसल्या जागी चहा. आणि समोरचा काठ धुक्यात गेला होता, म्हातारा दिसत नव्हता, त्यामुळे मला जरा झोपही लागू लागली.

पण तो दिसत नव्हता, एवढंच. चूल बंद होऊन थोडे दिवस झाले असतील, तिन्हीसांजेला पडवीत काठी वाजली. दार उघडलं तर म्हाताराच. डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"बाई, चिलमीला वाईच इस्तू देता का?"

एवढ्या चिखलातून, पाण्याला वळसा घालून, चिलमीच्या विस्तवासाठी? गोठ्यात काय आग नव्हती? शिवाय तिन्हीसांजेला घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. याला ठाऊक नसेल?

"तिन्हीसांजेला विस्तव देत नाहीत, आबा," मी म्हटलं. आत विस्तव नव्हताच, पण ते याला सांगायचं काही कारण नव्हतं. तो माझ्या खांद्यावरून आत चुलीच्या खोलीकडे बघत होता. मी दार लोटलं.

"बराबर हाय," तो बाहेरून म्हणाला. "दिऊच नये." आणि चिखलात पाय टाकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत सुक्या लाकडांची मोळी. भर पावसाळ्यात सुकं लाकूड म्हणजे सोनंच. कुणी ठेवली ते उघड होतं. कशाला ठेवली, ते नव्हतं. मी मोळी सोडली आणि एकेक लाकूड निरखून पाहिलं. लिंबू, टाचणी, केसांची गुंडाळी, काही नाही. तरी त्यातलं एकही चुलीत घालायची माझी छाती झाली नाही. मोळी पुन्हा बांधून मी कोपऱ्यात सारली.

त्यानंतर घाटात दरड कोसळली. गाड्या थांबल्या. या सुटीला हे येणार नाहीत हे टांगेवाला सांगून गेला, आणि तो गेला त्याच संध्याकाळी मला हीव भरलं. अंगावर होती नव्हती तेवढी पांघरुणं घेतली तरी दात वाजायचे थांबेनात. दाराला आतून कडी घालून मी पडले ती पडलेच. स्टो पेटवायचं त्राण नव्हतं. दिवस उजाडायचा, मावळायचा, धुक्यात दोन्ही सारखेच दिसायचे. उशाशी तांब्या होता, तो रिकामा झाला. पाणी हंड्यात होतं, हंडा दुसऱ्या खोलीत होता, आणि ती खोली मला कल्याणइतकी लांब वाटत होती. आपलं घर, आपलं दार, 'खाली करा' म्हणायला कुणी नाही, आणि पाणी द्यायलाही कुणी नाही. मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

आणि अशात मागच्या दाराकडून लाकडाचा करकर आवाज आला. त्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या. खालच्या दगडाच्या खळगीत फिरणारं जुन्या पद्धतीचं दार होतं ते. कुणीतरी ते बाहेरून उचलून खळगीतून काढत होतं. असं दार निघतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो एकच माणूस होता.

अखेर आलास, मी मनात म्हटलं. ओरडायला आवाज नव्हता. पावलं चुलीच्या खोलीत गेली आणि थांबली. आता पहार वाजेल म्हणून मी कान टवकारले. पहार वाजली नाही. फुंकणी वाजली. फुंकणीचा आवाज मला ओळखू येणार नाही का? मग धुराचा वास आला. घर पेटवतोय, असं मला वाटलं, आणि त्यानंतरचं थोडं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी तांब्या भरून उशाशी ठेवला होता आणि म्हातारा मधल्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे उकिडवा बसून चुलीवरची पेज ढवळत होता. शेजारी एक खापर होतं. त्यात राखेखाली झाकून, वर इरलं धरून, तो पलीकडच्या काठावरून विस्तव घेऊन आला होता. माझी कोपऱ्यातली मोळी त्याने सोडली होती. मीठ घातलेली पेज त्याने वाडग्यात ओतून उंबऱ्यावर ठेवली आणि काठीने माझ्याकडे सरकवली. ती पोटात गेल्यावर मला जरा बोलायचं बळ आलं.

"दार कसं काढलंत?"

"उचाललं. माजंच हाय." मग थांबून म्हणाला, "व्हतं."

"कान्ह्याला जातो म्हणालात आणि रोज समोर उभे राहता. कशाला?"

म्हाताऱ्याने चुलीत एक लाकूड सारलं. "धूर बगाया."

मला वाटलं, तापात मी काहीतरी भलतंच ऐकतेय. पण तो सांगत राहिला. "हितलं घर पावसात धुरावर जगतं, बाई. येक पावसाळा चूल पेटली न्हाई, तं वाशांना भुंगा लागतो. शेट लोकं कुलूप घालून जात्यात. म्हनून म्या कुनाला दिलं न्हाई. तुमी घेतलं, तं लोकं म्हनाया लागली, रेल्वेवाल्यानं शेटासाठीच घेतलंय. त्यात तुमी वडगावात कुलूप घेतलं. म्हनलं, झालं. फसलो म्या."

म्हणजे एवढे दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून होते आणि तो माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या तोडीचं भेटलं होतं.

"धूर दिसायचा तवर बरं वाटायचं," तो म्हणाला. "धुक्यात दिसना, तवा मी ह्या अंगाला येऊन बगायचो. मग धूरच बंद झाला. म्हनलं, गेली कुलूप घालून. इस्तू मागायचं निमित करून आलो, तं तुमी घरात. लाकडं संपली आसतील म्हनून मोळी टाकली, तरी धूर न्हाई. आज बगितलं तं कुलूप न्हाई, दिवा न्हाई, कायबी न्हाई."

"एवढा जीव होता तर विकलंत कशाला? राहायचं होतंत स्वतःच."

"कौलं चाळाया दरसाल वर चढावं लागतं. हात कापत्यात." चुलीतली राख सारत म्हणाला, "म्हातारी गेल्यावर चूल पेटवायचीबी ध्येनात ऱ्हाईना. दोनदा दिवसभर तसाच बसून ऱ्हायलो. तवा कळलं, माज्याच्यानं आता न्हाई."

"आणि वाशांवरच्या खाचा?"

त्याने काठी उचलून दाराबाहेर, तळ्याकडे दाखवली. "घर खाली व्हतं. पानी चढाया लागलं तवा म्या आन् म्हातारीनं उतरवलं. कंचा वासा कुटला, ह्ये कळावं म्हनून खाचा पाडल्या. आन् येकेक डोक्यावरनं वर आनला."

मी उताणी पडून वर पाहिलं. धूर सावकाश वर जाऊन काळ्या आढ्याच्या कडेने पसरत होता.

"मग आम्हालाच का दिलंत?" मी विचारलं. "आम्हीही कुलूप घालून गेलो असतो तर?"

"घर बगाया लय लोकं आली. समदी पडवीत हुबी ऱ्हाऊन पानी बगायची. तुजा मालकबी त्येच करत व्हता." तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला. "तू येकटी माळ्यावर गेलीस. आढ्यात दाभन टोचलंस. येकदा न्हाई, चारदा. म्हनलं, हिला हितं ऱ्हायाचंय."

मला रडू आलं. संशय घेतल्याबद्दल मला आयुष्यभर बोलणीच मिळाली होती. घर कुणी दिलं नव्हतं.

तो अंधार पडायच्या आत निघाला. दार पुन्हा खळगीत बसवून, चुलीत एक जाड लाकूड राखेने झाकून गेला. तो गेल्यावर भिंत धरून मी उठले आणि फडताळातली भांडी पाहिली. सगळी होती.

दरड निघाल्यावर हे आले. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत नव्हतो, माणूस चांगला आहे?" मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनाच म्हणता, म्हणून त्यात काही अर्थ नव्हता." स्टो मी टांगेवाल्याच्या बायकोला देऊन टाकला. त्या पावसाळ्यात अळवाची पानं माझ्या हाताएवढी झाली आणि ती मीच खाल्ली.

म्हातारा पूर्वीसारखाच दिवेलागणीला समोर उभा राहायचा. त्याला नीट दिसावं म्हणून मी चुलीत मुद्दाम एक ओलं लाकूड घालू लागले. ओल्याचा धूर दाट होतो, लांबून दिसतो. सुटीला आले की हे डोळे चोळत विचारायचे, "एवढा धूर कशाला करतेस?" मी म्हणायची, वाशांना चांगला असतो. धूर वर चढला की पलीकडे मान हलायची आणि म्हातारा गोठ्यात जायचा. आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही. कधी बाजाराच्या वाटेवर गाठ पडली तर तो मला कौलं कुठे सरकली आहेत ते सांगायचा. मी मान डोलवायची आणि घरी आल्यावर स्वतः चढून पाहायची.

काही पावसाळे असे गेले. मग एका संध्याकाळी समोरचा काठ रिकामा राहिला. दुसऱ्याही. काही दिवसांनी त्याचा पुतण्या आला, पडवीत टेकला आणि म्हणाला, "आबाला लेक कान्ह्याला घेऊन गेलती. तितंच गेला. दिस-कार्य समदं तितंच झालं."

मी त्याला चहा दिला. तो निघून गेला तोवर दिवेलागण झाली होती. मी आत जाऊन चुलीत ओलं लाकूड घातलं. कान्ह्याला जातो म्हणून म्हातारा आधीही एकदा गेला होता, आणि हप्ताभरात परत येऊन समोर उभा राहिला होता. ज्याने एकदा असं फसवलं, त्याच्या जाण्यावर मी इतक्या सहज विश्वास ठेवत नाही.